नाही म्हणणारा वीर

जबलपूरच्या उत्तरेकडचा अधारताल हा भाग आज कृषी विद्यापीठ, रेल्वे स्टेशन आणि चहूबाजूंनी वाढलेल्या वसाहती यांमुळे ओळखला जातो. नाव मात्र तलावाचं आहे, आणि तलावाला ते एका माणसावरून मिळालं. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची राणी दुर्गावती हिचा दिवाण अधारसिंह कायस्थ यानं तो बांधवला असं सांगतात. याच शहरात राणीच्या नावाचा रानीताल आहे आणि तिच्या दासीचा चेरीताल आहे. जबलपूर हे बावन तालांचं शहर म्हणायचं, पण त्यांतले कित्येक ताल बुजून त्यांवर घरं आणि मैदानं झाली. चेरीताल तर आता वस्तीच्या नावापुरताच उरला. तरीही राणी, दासी आणि दिवाण ही तीन नावं तिथं एका दमात घेतली जातात. एका काळातल्या तीन माणसांना लोकांनी सारखंच स्मारक दिलं, ना कमी ना जास्त. आता या तिघांत वीर कोण, असं विचारलं तर प्रश्न पोरकट वाटेल. पण टीव्हीवरच्या प्रत्येक अद्भुतरम्य मालिकेचा सारा डोलारा याच प्रश्नावर उभा असतो. राक्षस, ड्रॅगन, मायावी किल्ले हे सगळं निमित्त. खरी चर्चा असते ती कोणाला वीर म्हणायचं आणि कशासाठी, याची. आणि ही चर्चा शेवटी धर्माच्या अंगणात जाते, कारण वीर ठरवणं म्हणजे कोणतं कर्म श्रेष्ठ हे ठरवणं.

आधी पुरावा पाहू. जून १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफ खान गढ्यावर चालून आला. राणीची फौज पांगलेली होती, आणि ही गोष्ट तिला स्पष्ट सांगणारा माणूस अधारच होता असं अबुल फजलच्या अकबरनाम्यावरून दिसतं. राणीनं माघार घ्यायला नकार दिला. नर्रई नाल्याच्या अडचणीच्या जागी तिनं मोर्चा धरला आणि पहिल्या झटापटीत मुघलांना मागे रेटलं. त्याच रात्री छापा घालावा असं तिचं म्हणणं होतं, सरदारांनी ते मानलं नाही. दुसऱ्या दिवशी आसफ खानाच्या तोफा येऊन पोचल्या. मुलगा वीरनारायण जखमी झाला, त्याला मागे न्यावं लागलं. राणी सरमन नावाच्या हत्तीवरून लढत राहिली. एक बाण कानशिलात बसला, तो तिनं उपसून टाकला. दुसरा मानेत बसला. भान आलं तेव्हा लढाई हातची गेली होती. हत्तीवर पुढे बसलेल्या अधारला तिनं सांगितलं की मला संपव, जिवंतपणी शत्रूच्या हाती पडू देऊ नकोस. अधारनं ते केलं नाही. ज्या हातांनी तुमचं दिलेलं घेतलं त्या हातांनी हे होणार नाही, हत्ती चपळ आहे, तुम्हाला रणाबाहेर काढतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय. राणीनं ते धुडकावलं आणि कट्यार आपल्याच हातानं चालवली. हा दिवस २४ जून १५६४ मानतात. एकाच हत्तीवर बसलेल्या दोन माणसांनी, एकमेकांवर पूर्ण विश्वास असताना, एकमेकांची शेवटची मागणी नाकारली.

या प्रसंगात आपली नजर आपसूक राणीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण नजर तिथंच का थांबते याचं कारण आपल्या डोक्यात घट्ट बसलेल्या एका मापात आहे. महाराष्ट्रात गावकुसाबाहेर, जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गोधन पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. या दगडाची अट एकच, देह पडला पाहिजे. जो लढला आणि सुखरूप घरी आला त्याला दगड नाही. लढाई टाळून ज्यानं गाव वाचवलं त्याला तर नाहीच नाही. टीव्हीनं हेच माप उचललं आणि त्याला पार्श्वसंगीत दिलं. पौराणिक मालिकांत बाणाला बाण भिडतो तो क्षण दोन-दोन भाग लांबवला जातो, आणि ज्या सभेत युद्ध टळू शकलं असतं ती सभा भराभर उरकली जाते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’नं २०११ मध्ये हे माप मोडल्यासारखं केलं. नायक समजून ज्याच्यामागे प्रेक्षक चालले होते त्या नेड स्टार्कचं डोकं पहिल्याच पर्वाच्या नवव्या भागात उडवलं. लोकांना धक्का बसला, पण माप जागेवरच राहिलं. नेड मेला म्हणूनच पुढची सात पर्वं तो आदर्श म्हणून मिरवला. जिवंत राहता तर आग्रही, काहीसा भोळा राज्यकारभारी एवढीच त्याची ओळख उरली असती.

आपल्याकडं या मापापेक्षा जुनं आणि मला विचारलं तर शहाणं असं एक वर्गीकरण आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार येतात. धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त आणि धीरप्रशांत हे शब्द शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी पाठ केलेले असतात. पण कोणत्या प्रकारात कोण बसतं ते क्वचित कोणी वाचतं. भरत देवांना धीरोद्धत म्हणतो आणि राजांना धीरललित. धीरोदात्त हा मान तो सेनापतीला आणि अमात्याला देतो. म्हणजे ज्या प्रकाराला पुढच्या साऱ्या परंपरेनं सर्वश्रेष्ठ मानलं, ज्यात रामाला बसवलं, तो मुळात मंत्र्याच्या आणि सेनापतीच्या वाट्याला आला होता. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयानं दशरूपकात या धीरोदात्ताची लक्षणं दिली. त्यांत गांभीर्य आहे, क्षमा आहे, फुशारकी न मारणं आहे, अहंकार आतल्या आत दाबून धरणं आहे, घेतलेल्या व्रताला चिकटून राहणं आहे. त्या यादीत शस्त्राचं नाव नाही. त्याच ग्रंथावरच्या धनिकाच्या टीकेत एक झकास वाद येतो. हर्षाच्या नागानंदातला जीमूतवाहन एका नागाला वाचवण्यासाठी स्वतःचा देह गरुडापुढे ठेवतो. त्याला राज्य नको, विजय नको. मग हा विरक्त माणूस धीरोदात्त कसा, तो तर धीरप्रशांत म्हणायला हवा, असा आक्षेप. धनिकाचं उत्तर असं की जिंकण्याची इच्छा एकाच तऱ्हेची नसते. शौर्यानं, त्यागानं किंवा दयेनं जो इतरांच्या पुढे जातो तो विजिगीषू, दुसऱ्याचं धन लुबाडायला निघालेला नव्हे. ज्या काळात राजे एकमेकांची राजधानी लुटण्यालाच पराक्रम म्हणत होते त्या काळात, आणि तेही एका राजाच्या आश्रयानं, हे लिहिलं गेलं.

इथं एक पायरी सावधपणे चढायला हवी. अमात्य धीरोदात्त, म्हणजे पडद्यामागून सूत्रं हलवणारा प्रत्येक हुशार मंत्री वीर, असं नव्हे. याचं उदाहरण जबलपूरजवळच आहे. तेवर म्हणजे जुनी त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. स्वतःच्या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध अभिमानानं सांगणारा राजशेखर दहाव्या शतकात या दरबारी होता, आणि त्याची विद्धशालभंजिका ही नाटिका कलचुरी राजा युवराजदेवाच्या दरबाराशी जोडलेली आहे. तिचा नायक नमुनेदार धीरललित. तो स्वप्नं पाहतो, झुरतो, चित्रं आणि पुतळ्या न्याहाळतो, आणि त्याला जी राजकन्या मिळायची ती मिळवून देण्याचा सगळा खटाटोप भागुरायण नावाचा मंत्री करतो. नऊशे वर्षांनी देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’त हाच साचा वापरला. राजकुमार वीरेंद्रसिंह विरहात, आणि दिवाणाचा मुलगा तेजसिंह ऐयारीचा म्हणजे हेरगिरीचा बटवा खांद्याला लावून वेशांतर करत, बेशुद्धीची पूड हुंगवत रानोमाळ. १९९४ मध्ये दूरदर्शनवर ही गोष्ट मालिका होऊन आली तेव्हाही राजकन्येपेक्षा ऐयार जास्त भाव खाऊन गेले. भागुरायण आणि तेजसिंह गुणी आहेत, निष्ठावान आहेत, कामाला पक्के आहेत. पण त्यांची सगळी बुद्धी धन्याची इच्छा पुरी करण्यात खर्च होते. धन्याची इच्छाच चुकीची असेल तर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतच नाही. तो प्रश्न येईपर्यंत मंत्री हा कुशल सेवक असतो. प्रश्न आल्यावर तो काय करतो, त्यावर तो वीर की नाही हे ठरतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये हा प्रश्न ज्याच्यापुढे सर्वांत लख्ख उभा राहतो तो माणूस मालिकेच्या जाहिरातींत फारसा दिसत नाही. डेव्होस सीवर्थ. मूळचा चोरटा दर्यावर्दी. पुढे राज्यावर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसचा किल्ला वेढ्यात उपाशी मरत असताना यानं कांदे पोचवले. स्टॅनिसनं त्याला सरदारकी दिली आणि जुन्या चोऱ्यांबद्दल त्याच्या बोटांची पेरंही छाटली. डेव्होसला दोन्ही न्याय्य वाटलं. अशा माणसावर वेळ येते ती अशी की स्टॅनिसला राज्य मिळावं म्हणून गेंड्री नावाच्या एका पोराचा बळी द्यायचा ठरतं. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, एका जिवापुढे साऱ्या राज्याचं हित. डेव्होस त्या पोराला रात्री होडीत बसवून सोडून देतो. इथवर कोणताही दयाळू माणूस जाईल. डेव्होसचं वेगळेपण पुढे आहे. तो पळत नाही, दुसऱ्यावर ढकलत नाही. राजापुढे जाऊन मीच सोडलं म्हणून सांगतो, आणि देहदंडाची शिक्षा ऐकून घेतो. शिक्षा टळते ती केवळ त्याच्या धडपडीनं नव्हे, जिनं बळी मागितला होता तीच मांत्रिक स्त्री याचा अजून उपयोग आहे म्हणून त्याला वाचवते. पुढे स्टॅनिसला स्वतःच्या मुलीला चितेवर चढवायचं असतं, तेव्हा तो आधी डेव्होसला कामाच्या निमित्तानं दूर पाठवतो. राजाला ठाऊक होतं की हा जवळ असेल तर हे होणार नाही. एखाद्या मंत्र्याच्या शीलाची याहून मोठी पावती कोणता राजा देईल?

याच मालिकेत धन्याला नाही म्हणणारे आणखी दोघं आहेत, आणि दोघंही ते तलवारीनं म्हणतात. जेमी लॅनिस्टर ज्या वेड्या राजाच्या रक्षणाची शपथ घेऊन उभा असतो, तो राजा शहर जाळायला निघाल्यावर त्यालाच मारतो. शेवटच्या भागात जॉन स्नो शहर जाळून चुकलेल्या राणीला मारतो. दोघांचीही कृती समर्थनीय आहे असं म्हणता येईल, मीही म्हणेन. पण मालिका लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्ती इथं उघडी पडते. राजाला अडवायचं म्हणजे राजाला मारायचं, याखेरीज दुसरी वाट पडद्याला नाट्यमय वाटत नाही. दुसऱ्या टोकाला भीष्म आहे, जो कधीच नाही म्हणत नाही. बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडत होतं तेव्हा मुकेश खन्नांचा भीष्म घराघरांतल्या म्हाताऱ्यांना आपला वाटला. व्रत पाळणं हेच थोरपण असं मानणाऱ्या पिढीला तो पटणारच होता. पण द्यूतसभेत भीष्माचं व्रत द्रौपदीच्या काहीही कामी आलं नाही. तिथं तोंड उघडलं ते विदुरानं आणि कौरवांतल्या विकर्णानं. विदुर पुढेही धृतराष्ट्राला खडे बोल ऐकवतो, धृतराष्ट्र त्याला हाकलतो, तो वनात पांडवांकडे जातो, आणि धृतराष्ट्र कळवळून बोलावतो तेव्हा परत येतो. नाही म्हणायचं आणि तरीही ज्याला नाही म्हटलं त्याला टाकायचं नाही, ही दुहेरी गोष्ट महाभारतात विदुराइतकी क्वचितच कोणाला साधली. अधारसिंहाची जात तीच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अधारचा नकार म्हणजे धैर्य कुठलं, ते तर हळवेपण. राणीला जे हवं होतं ते तिला शेवटी स्वतःच करावं लागलं, जखमी अवस्थेत. सेवकानं ऐन वेळी कच खाल्ली आणि धनिणीचं काम वाढवलं. हा आक्षेप वजनदार आहे. पण यात एक गृहीत दडलंय. मारणं कठीण आणि न मारणं सोपं, असं ते गृहीत. रणात उलटं असतं. सभोवार कापाकापी चालू असताना, स्वतः धनीण आज्ञा करत असताना, तो वार आज्ञापालन म्हणून शोभूनही दिसला असता आणि नंतर त्याचे पोवाडेही झाले असते. अधारला ती प्रतिष्ठा फुकट मिळत होती. शिवाय तो नुसता नाही म्हणून थांबत नाही. तो तिसरी वाट पुढे ठेवतो, हत्ती बाहेर काढण्याची. ती वाट राणीनं नाकारली तो तिचा अधिकार. गीतेतला स्वधर्माचा विचार इथं पोथीतून बाहेर येऊन रणात उभा राहिलेला दिसतो. राणीचा धर्म होता शत्रूच्या हाती न पडण्याचा, कारण ती पकडली गेली असती तर सारं राज्य गुडघ्यावर आलं असतं. अधारचा धर्म होता ज्याचं रक्षण पत्करलं त्याच्यावर हात न उचलण्याचा. दोघांनी एकमेकांचा धर्म आपल्या माथी घेतला नाही. कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक, असा निकाल इथं मागणंच चुकीचं आहे. मालिकांना असा प्रसंग झेपत नाही त्याचंही कारण हेच. दोन बरोबर माणसांपैकी कोणाच्या बाजूला कॅमेरा लावायचा?

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. हा सगळा तपशील जिंकणाऱ्याच्या दरबारात लिहिला गेला. अबुल फजल राणीची तोंडभरून स्तुती करतो, पण हरलेल्या शत्रूची थोरवी गाणं हा विजेत्याची थोरवी गाण्याचाच एक प्रकार असतो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे राज्याचा कारभार पाहणारा अधार कायस्थ आणि हत्तीवर पुढे बसलेला अधार यांची ओळख तो एकसारखी देत नाही, दुसऱ्याचं कुळ वेगळं सांगतो. एकोणिसाव्या शतकात जबलपुरात अधिकारी असलेल्या स्लीमननं गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास लिहिला, त्यात तर राणी माहुताची कट्यार हिसकावून घेते, संवाद वगैरे काही नाही. म्हणजे दिवाणाच्या खात्यावर जमा असलेला नकार खरं तर एखाद्या माहुताचा असू शकतो. ही शक्यता खोडण्याचा माझा प्रयत्न नाही, कारण तिनं युक्तिवाद ढासळत नाही. नकार माहुताचा असेल तर त्याची किंमत वाढतेच. दिवाणाला नाही म्हणायची थोडीफार सवय असते, माहुताला नसते. आणि लोकांनी दोन अधार एक करून टाकले असतील तर तो एक प्रकारचा निवाडाच आहे. जो माणूस राणीला फौज पांगली हे तोंडावर सांगतो, तोच पुढे तिच्यावर हात उचलायला नकार देईल, हे लोकांना सुसंगत वाटलं. कागदाच्या दृष्टीनं ही चूक असेल, माणूस ओळखण्याच्या दृष्टीनं नाही.

तिसरा आक्षेप चेरीतालाकडून येतो, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. भरताच्या चार खणांत दासीला जागा नाही. देव, राजे, अमात्य, सेनापती, ब्राह्मण, वाणी एवढ्यांत यादी संपते. या बाबतीत नवी मालिका जुन्या शास्त्राच्या पुढे आहे हे मान्य करावं लागेल. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वात होडोर हा मतिमंद समजला जाणारा सेवक मेलेल्यांच्या लोंढ्यापुढे दार अडवून उभा राहतो आणि मरतो, तेव्हा जगभरचे प्रेक्षक ढसाढसा रडले. पण त्या दृश्यात एक भयंकर गोष्ट आहे आणि रडण्याच्या भरात ती निसटते. होडोरची बुद्धी लहानपणीच मोडली गेली ती याच कामासाठी, त्याच्या धन्याच्या मुलानं त्याच्या मनात शिरून केलेल्या गोंधळातून. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. ज्याला होय म्हणायची संधी नव्हती त्याच्या होकाराला वीरत्व म्हणणं ही मालकांची सोय आहे. दास्यातलं मोठेपण आपण नाकारत नाही. चाफळला समर्थांनी स्थापलेल्या मारुतींपैकी एक हात जोडून उभा असलेला दासमारुती आहेच. पण मारुतीनं तो दास्यभाव स्वतः निवडला, त्याच्या अंगी समुद्र ओलांडायचं बळ असताना. चेरीतालाच्या दासीचं तसं काही आपल्या हाती नाही. तिच्या कामाचं नाव तलावाला राहिलं. तिनं काय निवडलं, तिला निवडू दिलं का, हे तलाव सांगत नाही. नकाराची कसोटी तिला लावणं अन्यायाचं होईल, कारण नकारासाठी आधी कोणीतरी तुमचं मत विचारलेलं असावं लागतं. विदुर दासीपुत्र होता खरा, पण सभेत त्याला आसन होतं. त्याच्या आईला नव्हतं.

चौथा आक्षेप याच लढाईतून निघतो आणि तो माझ्या साऱ्या मांडणीच्या मुळावर येतो. आदल्या रात्री सरदारांनीही राणीला नाहीच म्हटलं होतं. छापा घालू नये, असं. तो नकार मानला गेला, तोफा येऊन पोचल्या आणि लढाई गेली. चोवीस तासांत दोन नकार, एक युद्ध हरवणारा आणि एक मी वीरत्वाचा नमुना म्हणून मांडलेला. मग नकारात थोर ते काय? परिणामावर बोट ठेवून सुटका होणार नाही, कारण अधारच्या नकारानंही राणी वाचली नाही. फरक शोधायचा तर असा शोधावा लागतो की त्या नकारानं कोणाचा बचाव झाला. रात्रीचा छापा टाळण्यानं नकार देणाऱ्यांची ती रात्र सुखाची गेली, त्याची किंमत दुसऱ्या दिवशी राणीनं आणि वीरनारायणानं भरली. अधारच्या नकारानं अधारचं काहीच सोपं झालं नाही. आज्ञाभंगाचा ठपका त्याच्यावर, धनीण डोळ्यांदेखत जाण्याचं दुःखही त्याचंच. डेव्होसच्या होडीचंही तसंच, पोरगं वाचलं आणि फास डेव्होसच्या गळ्यात आला. ज्या नकाराची किंमत नकार देणारा स्वतः चुकवतो तो एका जातीचा, आणि जो दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला जातो तो दुसऱ्या जातीचा. कचेरीत बसून नियमावर बोट ठेवत नाही म्हणणाऱ्यांची आपल्याकडं वाण नाही. त्यांना अधारच्या पंगतीला बसवायची भीती वाटत असेल तर हा एक निकष पुरेसा आहे. विकर्ण मात्र या निकषावर अर्धाच उतरतो. सभेत कौरवांतून तो एकटा उठला, पण पुढे युद्धात दुर्योधनाकडूनच लढला आणि मेला. त्याचा नकार एका दिवसाचा होता. त्याला कमी लेखू नये, पण विदुराच्या बरोबरीला आणू नये.

मराठी माणसाला मंत्र्याला देव मानणं नवं नाही. जेजुरीचा गड चढताना पायऱ्यांच्या वाटेवर हेगडी प्रधानाचं ठाणं लागतं, आणि वर खंडोबाकडे निघालेला भाविक तिथंही भंडारा वाहून पुढे जातो. २०१४ पासून ‘जय मल्हार’ मालिका चालली तेव्हा मणी-मल्लाच्या युद्धाला आणि म्हाळसा-बाणाईच्या रुसव्याफुगव्याला मिळाली तेवढी जागा या प्रधानाला मिळणं शक्य नव्हतं. मालिकेला रोजचा भाग द्यावा लागतो, आणि प्रधानाचं काम रोज सारखंच दिसतं. तलाव बांधणं हेही तसंच काम. धर्मशास्त्रानं विहिरी, तलाव, बागा यांना पूर्त म्हटलं आणि यज्ञाच्या जोडीला बसवलं. पाळ बांधली की काम संपत नाही, दरसाल गाळ काढावा लागतो, सांडवा मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर दोन पिढ्यांत तलावाची दलदल होते आणि मग दलदलीचे प्लॉट पडतात. यात टाळ्यांचा क्षण कुठे काढायचा?

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या भागावर २०१९ मध्ये प्रेक्षकांनी मनसोक्त राग काढला, आणि त्यातला बराचसा रास्त होता. त्या भागात एक दृश्य आहे, त्याची विशेष टर उडवली गेली. सगळी युद्धं झालीत, ड्रॅगन उडून गेलाय, आणि नवं मंत्रिमंडळ मेजाभोवती बसून जहाजं, बंदरं, भुकेली रयत आणि कुंटणखान्यांची डागडुजी यांवर हुज्जत घालतंय. बाहत्तर भाग तलवारी पाहिल्यावर हे काय, असा सूर होता. डेव्होस त्या मेजाशी बसलेला आहे, आरमाराचा मंत्री म्हणून. ज्याच्या आज्ञेला त्यानं नकार दिला तो राजा कधीच मेला, मध्ये आणखी दोन धनी झाले, आणि हा अजून हिशेब मांडतोच आहे. लेखकांना ते दृश्य विनोदासाठी हवं होतं असं त्याच्या मांडणीवरून वाटतं. आठ पर्वांत नायकांचे जेवढे प्रकार त्यांनी रंगवले त्यांतला भरताला ओळखू आला असता असा प्रकार मात्र त्यांनी नेमका तिथंच, गमतीगमतीत, मेजाशी बसवला.